पहिल्यांदा प्रभुभोजन चालवताना: कोल्हापूर परिसरातल्या नव्या पाळकांसाठी आणि वडिलांसाठी

दीक्षा झाली, नेमणुकीचं पत्र हातात आलं, आणि पहिल्याच महिन्यात पंच कमिटीचे सेक्रेटरी विचारतात, "पाळकसाहेब, येत्या रविवारी प्रभुभोजन घ्यायचं ना?" सेमिनरीत उपासनाशास्त्राचा पेपर लिहून झालेला असतो, पण द्राक्षरस कोण करणार, ट्रे कुणाकडे आहेत, मागच्या बाकावरच्या आजींना गुडघे टेकता येत नाहीत त्यांचं काय, हे त्या पेपरात नसतं. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस वाटण्याचा विधी, प्रत्यक्ष चालवताना लागणाऱ्या अशा गोष्टींसाठी हा लेख आहे. तुम्ही पाळक नसाल, नुकतेच मंडळीचे (चर्चचे) वडील, म्हणजे एल्डर, म्हणून निवडून आला असाल आणि वाटपाला मदत करायची असेल, तरीही उपयोग होईल.

सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगतो. प्रेषित पौलानं बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाबद्दल जे खडसावलं आहे, ते विधी चुकला म्हणून नाही. ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून बसायचे आणि गरीब उपाशी राहायचे, म्हणून. त्याचा शेवटचा आदेश अगदी साधा आहे: जेवायला एकत्र जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. मेज प्रभूचं आहे, तुम्ही वाढपी आहात. पंगतीत कुणी राहून गेलं का, हे बघणं वाढप्याचं पहिलं काम.

१. चालवण्याचा अधिकार कुणाचा, हे आधी पक्कं करा

आपल्या भागात मंडळ्यांच्या परंपरा वेगवेगळ्या आहेत आणि त्याला कारण आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढे १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनकडे गेलं. त्यामुळे मंडळीनं निवडलेल्या वडिलांना इथे मोठा मान आहे आणि बाकावर बसल्या जागी ट्रे फिरवण्याची पद्धतही त्याच वळणाची. १९२४ मध्ये प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र आल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे सीएनआयची, स्थापना झाली. त्यात अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट वगैरे मिळून सहा परंपरा आल्या. म्हणून एकाच जिल्ह्यात एका मंडळीत लोक वेदीपुढे गुडघे टेकून घेतात आणि दहा मैलांवर दुसऱ्या मंडळीत बाकावर बसून घेतात. दोन्ही योग्य आहे. तुमच्या मंडळीची जी रीत आहे ती पहिलं वर्षभर तरी बदलू नका.

सीएनआयमध्ये प्रभुभोजन चालवतो तो दीक्षित प्रेसबिटर (म्हणजे पाळक) किंवा बिशप. डिकन (पाळकाच्या आधीची दीक्षा झालेला सेवक) मदत करतो, वाचनं घेतो, प्याला देतो, पण उपकारस्तुतीची प्रार्थना आणि स्थापनेची वचनं, म्हणजे शेवटच्या भोजनात येशूनं उच्चारलेले शब्द, त्याची नाहीत. वडिलांचंही तेच. ब्रदरन आणि बऱ्याच स्वतंत्र मंडळ्यांमध्ये मात्र वडीलच भाकर मोडतात. तुम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं असेल तर तिथल्या पाळकांना स्पष्ट विचारा: "मी चालवायचं आहे, की फक्त उपदेश करायचा आहे?" हा प्रश्न आदल्या आठवड्यात विचारला तर कुणाला वाईट वाटत नाही. वेदीजवळ उभं राहून विचारला तर सगळ्यांनाच अवघड होतं.

नव्या मंडळीत रुजू होताना ही कागदपत्रं हाताशी ठेवा:

- दीक्षेचं प्रमाणपत्र आणि नेमणुकीचं पत्र, दोन्हीची एकेक झेरॉक्स
- मंडळीची सभासद नोंदवही (प्रभुभोजनाचे सभासद वेगळे नोंदलेले असतात)
- बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) नोंदवह्या
- दुसऱ्या गावाहून आलेल्या कुटुंबांचे बदलीचे दाखले
- उपासनेची नोंदवही, म्हणजे मागचं प्रभुभोजन केव्हा झालं ते कळेल
- तुमच्या सभेनं (म्हणजे चर्च संघटनेनं) मान्य केलेला उपासनेचा क्रम, मोठ्या अक्षरात छापलेला

२. तारीख आणि वेळ

शहरात बहुतेक ठिकाणी महिन्याचा पहिला रविवार ठरलेला असतो. शिवाय नाताळ, पुनरुत्थानाचा रविवार आणि उत्तम शुक्रवाराच्या आदल्या गुरुवारची संध्याकाळ. तिथे फार विचार करावा लागत नाही.

एका पाळकाकडे चार-पाच गावं असतात तिथे मात्र नियोजन लागतं. ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, सकाळची उपासना ठेवली तर फडावर जाणारी माणसं येऊ शकत नाहीत. तेव्हा संध्याकाळी सातची वेळ ठेवा. पावसाळ्यात पंचगंगा, भोगावती, कासारी चढल्या की बंधारे पाण्याखाली जातात आणि जवळचा रस्ता बंद होतो. जुलै-ऑगस्टची तारीख देताना पर्यायी रविवारही त्याच वेळी जाहीर करा. पाण्यातून गाडी घालून वेळेवर पोचण्यात काही भक्ती नाही.

निदान एक रविवार आधी मंडळीत जाहीर करा. जुन्या मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या आधी शुक्रवारी किंवा शनिवारी तयारीची प्रार्थना असे. काही ठिकाणी ती अजून आहे, काही ठिकाणी बंद पडली आहे. जमलं तर सुरू करा. पुढच्या मुद्द्यात ज्या अडचणी येतात, त्यांतल्या निम्म्या तिथेच सुटतात.

३. कोण घेऊ शकतं, हे आधीच आणि मायेनं सांगा

बाप्तिस्मा आणि दृढीकरण झालेले सभासद घेतात, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत. इतर मंडळ्यांचे ख्रिस्ती पाहुणे, लहान मुलं, ख्रिस्ती नसलेले नातेवाईक यांच्याबद्दल तुमच्या सभेचा नियम काय आहे तो विचारून घ्या आणि उपासनेच्या सुरुवातीला दोन वाक्यांत सांगा. "ज्यांचं दृढीकरण झालं आहे त्यांनी पुढे यावं. बाकी सगळ्यांनीही या, डोकं लववा, आपण तुमच्यासाठी प्रार्थना करू." एवढं पुरतं. माणूस हात पुढे करून उभा असताना त्याला नाही म्हणण्याची वेळ आली, तर ती दोन वाक्यं आधी न सांगितल्यामुळे आली असं समजा. आणि तशी वेळ आलीच तर सगळ्यांसमोर अडवू नका. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करा, नंतर घरी जाऊन बोला.

आता खरी अडचण. आपल्या मंडळ्यांत न घेणारी माणसं बरीच असतात आणि ती नियमामुळे नव्हे, भीतीमुळे थांबलेली असतात. "अयोग्य प्रकारे खातो-पितो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो" हे वचन त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. घरात भांडण झालं, नवरा दारू पितो, मुलीनं परजातीत लग्न केलं, की ती माणसं स्वतःच मागच्या बाकावर जाऊन बसतात. त्यांना त्या वचनाचा आगापिछा समजावून सांगा. पौल तिथे कमकुवत माणसाला हाकलत नाही. कमकुवत माणसाला बाजूला सारून खाणाऱ्याला तो दटावतो. आत्मपरीक्षा करून मग खावं, असं तो म्हणतो. आत्मपरीक्षा करून घरी बसावं, असं म्हणत नाही.

भावाभावांत बांधावरून वाद असेल, सासू-सून बोलत नसतील, तर आठवड्याभरात एकदा त्या घरी जाऊन या. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. पाळकानं उंबरठा ओलांडला की निम्मा राग तिथेच उतरतो. समेट झाला नाही तरी तुम्ही गेला होता हे लक्षात राहतं.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष पाळक बोलायला कचरतात. काही घरांत पाळीच्या दिवसांत बायका देवाच्या कामापासून दूर राहतात आणि तीच सवय चर्चमध्येही येते. त्या रविवारी त्या येतच नाहीत, किंवा येऊन घेत नाहीत. ख्रिस्ताच्या मेजाला असली आडकाठी नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. महिला मंडळाच्या बैठकीत, शक्यतो एखाद्या वयस्क बाईंच्या तोंडून सांगितलं तर ते पोचतं.

४. द्राक्षरस आणि भाकर

यात सर्वांत जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत न आंबवलेला द्राक्षरस वापरतात. हे बरंच आहे. दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेली माणसं प्रत्येक मंडळीत असतात आणि एका थेंबाचा वासही त्यांना जड जातो. बाजारातलं द्राक्षाचं सरबत आणू नका. त्यात साखर, रंग आणि इसेन्सच जास्त असतो.

हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, सांगली-तासगावकडची काळी द्राक्षं मिळतात. ती मीठ आणि सोडा घातलेल्या पाण्यात धुऊन, पुन्हा साध्या पाण्यानं खळबळून, देठ काढून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. पाणी घालायची गरज नाही. सालं फुटून रंग उतरला की रवीनं किंवा वाटीच्या बुडानं ठेचा, स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळा, आणि गाळलेला रस पुन्हा एक उकळी येईपर्यंत तापवून थंड करा.

बाकीच्या महिन्यांत काळ्या मनुका. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात सुट्या मिळतात. एक लिटर पाण्याला पाव किलो मनुका कोमट पाण्यात धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळा, ठेचा, गाळा. फडकं पिळताना फार जोर लावला की रस गढूळ होतो, म्हणून शेवटचा चोथा सोडून द्या. गूळ-साखर घालू नका.

लक्षात ठेवण्यासारखं:

- रस शनिवारी करा, बुधवारी नको. फ्रिजमध्ये दोन दिवस चांगला राहतो. एप्रिल-मे मध्ये बाहेर राहिला तर एका रात्रीत फसफसतो.
- तांब्या-पितळेच्या भांड्यात करू नका आणि साठवूही नका. द्राक्षाचा आंबटपणा त्या भांड्याला खातो आणि रस कळकतो. जुना पितळी प्याला असेल तर आतली कल्हई किंवा मुलामा शाबूत आहे का ते बघा.
- छोट्या पेल्यात आठ ते दहा मिलिलिटर पुरतं. शंभर माणसांना एक लिटर धरा. पेला काठोकाठ भरू नका, दोन तृतीयांश भरा. हात थरथरणाऱ्या माणसाचा विचार करून भरा.

भाकर कुठली, यावर प्रत्येक मंडळीचं ठाम मत असतं. कुठे वेफर वापरतात, कुठे स्लाइस ब्रेडचे तुकडे, कुठे घरी केलेली बिनखमिराची पोळी. माझी पसंती घरच्या पोळीला आहे. ती मंडळीतल्याच कुणाच्या तरी तव्यावर भाजलेली असते आणि ते घर त्या आठवड्यात प्रार्थनेनं तयार होतं. ज्वारीच्या भाकरीचा भुगा फार पडतो, म्हणून गव्हाचं पीठ घ्या. दोन वाट्या पीठ, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, लागेल तसं पाणी. पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. पुरणपोळीपेक्षा थोडी जाड लाटा, काट्यानं सगळीकडे टोचा म्हणजे फुगणार नाही, आणि कच्ची असतानाच सुरीनं अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या चौकटी आखा, आरपार कापू नका. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी वाळेपर्यंत भाजा. आठ इंची पोळीत दीडशेच्या आसपास तुकडे निघतात.

एक पोळी मात्र चौकटी न आखता वेगळी ठेवा, ती मोडण्यासाठी. मधोमध एकच हलकी रेघ मारा, म्हणजे सगळ्यांसमोर ती सरळ मोडेल. फार कडक झाली तर मोडताना उडते, फार मऊ राहिली तर रबरासारखी ताणली जाते. भाजणाऱ्या बाईंना आदल्या दिवशी दोन करायला सांगा आणि एक स्वतः मोडून बघा.

कुणाला गव्हाची ॲलर्जी आहे का ते वडिलांकडून आधी विचारून घ्या. त्यांनी फक्त प्याला घेतला तरी ते पूर्ण प्रभुभोजन आहे, हे त्यांना सांगा.

५. सामान

- मेजावर घालायचं पांढरं, इस्त्री केलेलं कापड, आणि झाकण्यासाठी दुसरं पातळ कापड किंवा जाळी. माश्यांसाठी ही हवीच.
- भाकरीचं ताट, मोठा प्याला, चोच असलेली छोटी किटली
- पेल्यांचे ट्रे (चाळीस पेल्यांचा एक असं धरलं तर शंभर सभासदांना तीन)
- प्याला पुसायला चार-पाच स्वच्छ रुमाल
- हात धुवायला साबण, तांब्या, घमेलं. सॅनिटायझर नको, त्याचा वास भाकरीला लागतो.
- क्रमाचा कागद जाड पुठ्ठ्याला लावलेला, आणि एक चिमटा. छताचा पंखा पानं उडवतो, तेही नेमकं प्रार्थनेच्या मध्यावर.
- माइकचा स्टँड. तुमचे दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

६. शनिवारची तालीम

वाटपाला असणारे सगळे वडील अर्धा तास एकत्र या. कोण कुठल्या रांगेपासून सुरू करणार, कुठे वळणार, रिकामे ट्रे कुठे ठेवणार, हे चालून बघा. रिकाम्या ट्रेनंच करा. भरलेला ट्रे किती जड असतो याचा अंदाज यावा म्हणून एकदा पाणी भरून उचलायला लावा. वयस्क वडिलांना ट्रे जड जात असेल तर त्यांना भाकरीचं ताट द्या. कुणाचंही काम काढून घेऊ नका.

गीतं कुठली आणि किती कडवी, हे पेटीवाल्यांशी इथेच ठरवा. वाटप लांबलं तर त्यांनी धून चालू ठेवायची आहे, हेही.

७. उपासनेचा क्रम

तुमच्या सभेचा क्रम छापील असेल, तो पाळा. साधारण बांधणी अशी असते: उपासनेची हाक आणि गीत, पापांगीकार आणि क्षमेचं आश्वासन, वाचनं, उपदेश, विश्वासांगीकार, मध्यस्थीच्या प्रार्थना, शांतीची भेट, अर्पण, आणि मग मेज. मेजापाशी चार गोष्टी घडतात. येशूनं त्या रात्री केल्या त्याच: भाकर घेणं, उपकारस्तुती, मोडणं, देणं. नवीन पाळकाला क्रमातला प्रत्येक शब्द सारखाच महत्त्वाचा वाटतो आणि तो सगळं एकाच गतीनं वाचत जातो. या चार जागी सावकाश व्हा, बाकीच्या जागी झालात नाही तरी चालेल.

उपदेश बारा-पंधरा मिनिटांत संपवा. त्या दिवशी मेजच मोठा उपदेश आहे. पाऊण तास बोलून मग वाटप घाईत उरकलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे, आणि दरवेळी मागच्या रांगांना त्याची झळ बसते.

पापांगीकारानंतर खरोखर थांबा. "क्षणभर शांत राहू या" म्हणून दोन सेकंदांत पुढे जाऊ नका. मनातल्या मनात प्रभूची प्रार्थना सावकाश एकदा म्हणा, तेवढा वेळ बरोबर होतो.

शांतीच्या भेटीला आपल्याकडे लोक शेजाऱ्याशी हात मिळवतात किंवा हात जोडतात. तुम्ही मेजामागेच उभे राहू नका, खाली उतरा. ज्या दोन घरांचं पटत नाही त्यांच्या मधल्या वाटेनं चाला.

उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत देवाच्या निर्मितीचं, तारणाचं स्मरण असतं, "पवित्र, पवित्र, पवित्र" असतं, स्थापनेची वचनं असतात, आणि पवित्र आत्म्यानं आम्हाला व या दानांना पवित्र करावं अशी विनंती असते. स्थापनेची वचनं पाठ करा. कागद दिसत असला तरी पाठ करा. वीज जाते, चष्म्यावर वाफ येते, आणि "माझ्या स्मरणार्थ हे करा" हे शब्द कागदाकडे बघून म्हणण्यासारखे नाहीत. बोलताना लोकांकडे बघा.

भाकर उंच धरा आणि मोडा. मोडताना बोलू नका. पोळी मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाऊ द्या. लहान मुलं त्या क्षणी मान वर करून बघतात, त्यांना बघू द्या.

८. वाटप

बाकावर ट्रे फिरवायचे असतील तर शंभर-सव्वाशे माणसांना दहा-बारा मिनिटं लागतात. वेदीपुढे दहा-दहा जण गुडघे टेकणार असतील तर पंचवीस मिनिटं धरा. त्यानुसार गीतं ठेवा.

देताना डोळ्यात बघा आणि ठरलेले शब्द प्रत्येकाला पूर्ण म्हणा: "ख्रिस्ताचं शरीर, तुमच्यासाठी दिलेलं." "ख्रिस्ताचं रक्त, तुमच्यासाठी ओतलेलं." माणूस "आमेन" म्हणेपर्यंत थांबा. गर्दी दिसली की शब्द गिळले जातात, पहिल्या दहांना पूर्ण वाक्य मिळतं आणि शेवटच्या दहांना नुसतं पुटपुटणं.

एकच मोठा प्याला फिरत असेल तर प्रत्येकानंतर काठ रुमालानं पुसा आणि प्याला थोडा फिरवा. सर्दी-खोकला असलेल्यांना भाकर रसात बुडवून घेता येईल, असं आधी सांगा. हल्ली बहुतेक ठिकाणी छोटे पेले आले आहेत, स्वच्छतेच्या दृष्टीनं ते ठीकच आहे. तरी एकाच प्याल्याचं मोल आपल्या मातीत वेगळं आहे, ते नव्या पिढीला सांगा. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा त्यांच्या हातचा चहा प्यायला लोक येईनात, म्हणून शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पीत. आपल्या मंडळ्यांतल्या कितीतरी घरांच्या पणज्यांना गावच्या पाणवठ्याला हात लावायची मुभा नव्हती. त्या बायांनी ज्या दिवशी सगळ्यांच्या बरोबरीनं एका प्याल्याला ओठ लावले, त्या दिवशी त्यांना शुभवर्तमान कळलं. छोटे पेले वापरा, पण निदान मोडलेली भाकर एकाच पोळीची असू द्या, आणि भरलेला मोठा प्याला मेजावर दिसू द्या.

म्हणूनच क्रमवारीत मान-पान आणू नका. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या पाहुण्यांना, डॉक्टरांना, संस्थेच्या चेअरमनना आधी, असं करू नका. रांग जिथून सुरू होते तिथून सुरू करा. एखाद्या महिन्यात मागच्या बाकापासून सुरुवात करा, कुणाला कारण सांगत बसू नका.

गुडघे टेकता येत नाहीत त्यांच्यासाठी पहिल्या बाकावर जागा राखा आणि तिथे जाऊन द्या. आमच्या एका खेड्यातल्या मंडळीत एक आजी पेला घ्यायलाच तयार नसायच्या. वाकून विचारलं तर हळूच म्हणाल्या, "सायेब, हात लई थरथरतोय माजा. प्रभूचं रगत सांडंल की वो." त्यांच्या दोन्ही हातांखाली आपला हात धरायचा आणि पेला ओठापर्यंत न्यायचा, एवढंच करायचं होतं. अशी माणसं सांगत नाहीत, आपल्याला विचारावं लागतं.

आणि आता ती यादी, जी प्रत्येक मंडळीत राहून जाते. वाटप संपायच्या आधी मोठ्यानं विचारा, "कुणी राहिलं का?" आणि एका वडिलांना मुद्दाम यांच्याकडे पाठवा:

- रडणारं बाळ घेऊन बाहेर व्हरांड्यात उभी असलेली आई
- संडे स्कूल घेणारे शिक्षक, ते मागच्या खोलीत असतात
- पेटी, तबला, गिटार वाजवणारे आणि साउंडवाला
- गेटवर गाड्या आणि चपला सांभाळणारा माणूस
- उपासनेनंतरच्या चहाची तयारी करणाऱ्या बायका
- उशिरा आलेले, जे लाजून दाराशीच थांबतात

तुम्ही आणि वडिलांनी केव्हा घ्यायचं, हे मंडळीच्या रीतीप्रमाणे करा. काही ठिकाणी पाळक आधी घेतो, काही ठिकाणी शेवटी. मला शेवटी घेणं बरं वाटतं, पण यावर वाद घालू नका.

रस सांडला तर घाबरू नका. रुमाल टाका, पुढे चला, नंतर ती जागा पाण्यानं पुसा. तुमच्या चेहऱ्यावर धसका दिसला तर ज्याच्या हातून सांडलं तो माणूस पुढच्या वेळी येत नाही.

९. उरलेलं

उरलेली भाकर आणि रस तुम्ही आणि वडिलांनी आदरानं संपवा. जास्त असेल तर चर्चच्या आवारात झाडाच्या मुळाशी मातीत घाला. मोरीत ओतू नका, कचऱ्यात टाकू नका. पेले गरम पाण्यानं धुऊन, उपडे वाळवून, मोजून ठेवा. हे काम दर महिन्याला एकाच बाईंवर पडत असेल तर पाळी लावा, आणि त्या पाळीत पुरुषही असू द्या.

१०. घरी आणि दवाखान्यात

जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे त्याच आठवड्यात जा. मंडळीची भाकर अजून ताजी आहे, तेव्हाच. एका छोट्या डब्यात भाकर, घट्ट झाकणाच्या बाटलीत रस, तीन-चार पेले, पांढरा रुमाल, शुभवर्तमान. आधी फोन करा. एका वडिलांना बरोबर घ्या, म्हणजे घरच्यांना मंडळी आल्यासारखं वाटतं. घरात सभासद असलेल्या सगळ्यांनी बरोबर घ्यावं. आजाऱ्याला एकट्याला देऊ नका, तो आधीच एकटा पडलेला असतो.

कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा कुठल्याही मोठ्या दवाखान्यात वॉर्डच्या सिस्टरना विचारल्याशिवाय पेशंटच्या तोंडात काहीही घालू नका. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं ठेवलेलं असतं. अर्धांगवायू झालेल्याला बऱ्याचदा नीट गिळता येत नाही आणि एक घोट श्वासनलिकेत गेला तरी जिवावर बेतू शकतं. परवानगी असेल तर भाकरीचा कण रसात भिजवून द्या. नसेल तर हात धरून वचन वाचा, प्रार्थना करा, आणि प्रभूनं तुमचं घेणं स्वीकारलं आहे असं सांगा. ऑक्सिजन लावलेला असेल तिथे मेणबत्ती पेटवू नका. शेजारच्या खाटेवर दुसऱ्या धर्माचा पेशंट असतो, त्यालाही नमस्कार करा आणि आवाज खाली ठेवा.

सगळं दहा-बारा मिनिटांत आटोपा. आजारी माणूस पाळकांना "आता पुरे" म्हणू शकत नाही.

११. नोंद

सोमवारच्या आत उपासनेच्या नोंदवहीत तारीख, ठिकाण, चालवणाऱ्याचं नाव आणि किती जणांनी घेतलं ते लिहा. घरी दिलेल्यांची नावं वेगळी लिहा. सभासदांची यादी समोर ठेवून, तीन महिने ज्यांनी घेतलेलं नाही त्यांच्या नावापुढे पेन्सिलीनं खूण करा आणि त्या घरांच्या भेटी पुढच्या आठवड्याच्या डायरीत घाला. भेटीला गेल्यावर गैरहजेरीचा विषय तुम्ही काढू नका. चहा घ्या, घरच्यांची चौकशी करा. कारण बहुतेक वेळा तेच सांगतात.

रस किती उरला, भाकर पुरली का, हेही पुठ्ठ्याच्या मागे लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या महिन्यात मनुका किती आणायच्या ते कळेल.